माथ्यावरची गरम फट

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी वरई उफणली. मी उभा राहून पाटीतून ओतायचो आणि ती खाली बसून सुपानं वारा घालायची. लग्न झालं तेव्हापासून हे काम आम्ही असंच केलं. वारा पडला की ती माझ्यावर चिडायची, जसा काही वारा मीच कुठं दडवून ठेवलाय. त्या दिवशीही चिडली.

"वततोस का सांडतोस, म्हाताऱ्या? हात थरथरतोय तुझा."

"हात नाय, जमीन थरथरतेय," मी म्हटलं.

एरवी हसली असती. त्या दिवसांत जमिनीच्या नावानं केलेल्या चेष्टेवर आमच्या पाड्यात कोणी हसत नव्हतं. तिनं सूप खाली ठेवलं, तळहात जमिनीवर टेकला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाली, "नाय हलत. वत तू."

आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम.

दिवाळीच्या आधीपासून आमच्याकडे जमीन हलत होती. आमचा पाडा सूर्यमाळ गावाच्या बाजूला, डोंगराच्या पायाशी. आठ घरं, तीही एकमेकांपासून हाक पोचणार नाही एवढी लांब. आधी आवाज यायचा. घाट चढताना भरलेला ट्रक गुरगुरतो तसा, पण तो रस्त्यावरून नाही, पायाखालून. मग फळीवरची भांडी एकमेकांवर वाजायची, आढ्याची माती पडायची, कुत्री ओरडायची, आणि तेवढ्यात थांबायचं. कधी दिवसातून दोनदा व्हायचं, कधी चार दिवस काहीच नाही. काहीच झालं नाही की जास्त भीती वाटायची, कारण मग सगळे म्हणायचे, आता मोठा येणार.

मोखाड्याहून कचेरीतली माणसं आली, घरं बघून गेली. घरात झोपू नका म्हणाली, ताडपत्र्या दिल्या. आमचं घर कारवीच्या काठ्यांना माती लिंपलेल्या कुडाचं, वर कौलं. कुड हलतो आणि परत उभा राहतो. पण आढं आणि कौलं डोक्यावर येणार, एवढं मला कळत होतं. म्हणून आम्ही खळ्यावर झोपायचो. खाली पेंढा, वर ताडपत्री, पायाशी शेकोटी. इकडची थंडी अशी की पोटाला शेक लागतो तोवर पाठ दगड होते.

मी भित्रा नाही असं मला सत्तर वर्षं वाटत होतं. रानात एकटा फिरलोय. विहिरीत उतरून गाळ काढलाय. घरात आलेला नाग काठीवर उचलून बांधापलीकडं टाकलाय. पण ह्या सगळ्यापासून माणसाला पळता येतं. जमिनीपासून पळायचं तर पाय कशावर टाकायचा?

आणि ही भीती एकट्या जमिनीची नव्हती, डोंगराची होती. त्याचं असं झालं. आदल्या उन्हाळ्यात कॉलेजातली दोन माणसं आली होती, एक बाई आणि एक बाप्या. पाठीला पिशव्या, हातात लहान हातोड्या. मी त्यांना अर्ध्या डोंगरापर्यंत वाट दाखवली. त्यांनी कातळाचा टवका काढला, भिंगातून बघितला. मी म्हटलं, "काय, सोनं निघालं काय?" बाई म्हणाली, "बाबा, हा सगळा डोंगर म्हणजे थिजलेला जाळ आहे. जमिनीच्या पोटातून दगड उकळून वर आला आणि इथं थंड झाला. फार जुनी गोष्ट आहे, माणूस जन्मला नव्हता तेव्हाची." तिनं सगळं नीट सांगितलं. पण जमीन हलायला लागली तेव्हा त्यातलं जुनं, थंड, थिजलेलं हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं. उकळून वर आला, एवढंच राहिलं. आणि ते मी पाड्यात सगळ्यांना सांगितलं. मीच सांगितलं.

वरई उफणून होत आली तेव्हा पुतण्या आला. सख्खा नाही, भावकीतला. चाळिशीचा माणूस, दोन लेकरांचा बाप, मोखाडा-जव्हार जीप चालवतो. त्यानं खिशातून मोबाइल काढून आम्हाला पिक्चर दाखवलं. कुठलंसं बेट, चारी बाजूंनी समुद्र, काठाला नारळ. मधोमध काळा डोंगर. माणसं काठ्या टेकत, कपाळाला दिवे बांधून, रांगेनं अंधारातून वर चाललेली. दिवस उगवायच्या आत माथ्यावर पोचली. माथ्याला मोठा खड्डा, खड्ड्यातून धूर, आणि खाली लाल लाल. ती माणसं काठावर उभी राहून फोटो काढत होती.

"ह्यांच्या घरी कामं नाय काय?" ती म्हणाली.

"काकी, मजा म्हणून जातात. पैसे भरून जातात."

"पैसे भरून मरायला?"

"मरत नाय गं. पण थांब, पुढं बघ."

पुढं तोच डोंगर फुटला होता. राखेत बुडलेली घरं, तोंडाला फडकी बांधून पळणारी माणसं, एक म्हातारी कोंबडी काखेत घेऊन चाललेली. पुतण्यानं तिथंच बोट ठेवून पिक्चर थांबवलं.

"काका, तो दगड बघ. काळा, भोकाभोकांचा. आपल्या डोंगराचा तसाच हाये का नाय?"

मी बघितलं. तसाच होता.

"वज्रेश्वरीला जमिनीतून गरम पाणी येतं, ते कुठून येतं? खाली जाळ हाये म्हणून येतं. तू काय वाट बघतोस? मी परवा सकाळी पोराबाळांना जव्हारला मेव्हण्याकडं नेतो. तुम्हाला तसंच पुढं जामसरला सोडतो, लेकीकडं. उद्या बाजाराचा दिवस, उद्या मला भरलेली जीप घेऊन पहाटेच जावं लागंल. परवा पक्कं."

जामसरला आमची लेक दिली आहे. तिचे आधीच चार निरोप येऊन गेले होते. मी हो म्हणणार तेवढ्यात ही म्हणाली, "मी नाय येत."

"काकी, डोंगर फुटला तर?"

"फुटला तर फुटला. जावयाच्या ओट्यावर किती दिवस बसू मी? शेळ्या कोण बघंल? नागली झोडायची हाये अजून. तो म्हातारा भेलाय, त्याला ने."

"मी भेलो नाय," मी म्हटलं.

"मग रात्री उठून उठून जमिनीला कान काय लावतोस?"

पुतण्या हसला. मला राग आला. तो गेल्यावर आमचं भांडण झालं, अगदी मोठ्यानं झालं. तिला घर सोडायचं नव्हतं आणि मला तिथं राहायचं नव्हतं. शेवटी तिनंच तोड काढली.

"वर माथ्यावर जाऊन बघू. हात लावून बघू. जाळ वर आला असंल तर दगड गरम लागंल. गरम लागला तर मी गप जीपमध्ये बसंन. गार लागला तर तू पुन्हा जामसरचं नाव काढायचं नाय."

"दगड उन्हानं पण तापतो."

"म्हणून दिवस उगवायच्या आत जायचं. रात्रभर थंडी खाऊन जो दगड गरम, त्याच्यात जाळ."

हे बोलणं मला पटलं. आजही कोणाला सांगितलं तर पटेल. चूक होती ती आमच्या दोघांचीही होती, पण शहाणपणासारखी दिसणारी होती.

"मी एकटा जातो," मी म्हटलं. "तुझ्यानं आता चढवत नाय."

"तुझ्या हाताचा काय भरवसा? चुलीतला निखारा उचलतोस तू. चहा गरम हाये का गार, ते तुला पिऊन पण कळत नाय. मी येते."

खरं होतं ते. नांगर आणि कोयता धरून माझे तळहात टाचेसारखे झाले आहेत. म्हणून ती आली. दुसरं कारण नव्हतं.

पहिला कोंबडा आरवला तेव्हा निघालो. तिनं लुगड्यावरून माझं जुनं स्वेटर घातलं होतं. माझ्या हातात बॅटरी, तिच्या हातात काठी. कारवीतून वाट चढते. दवानं सगळं भिजलेलं, अंगाला लागेल तिथं पाणी. ह्या वाटेनं मी लहानपणापासून हजार वेळा गेलो असेन, गुरं घेऊन, मधाला, लाकडाला. त्या पहाटे ती वाट माझ्या ओळखीची नव्हती. प्रत्येक पाऊल टाकायच्या आधी मी ते टाकू का म्हणून विचार करत होतो. रातकिडे ओरडत होते तोवर बरं होतं. ते मधेच गप्प व्हायचे आणि मी थांबायचो. ती मागून म्हणायची, "चाल ना. तुला काय नवरीसारखा हात धरून नेऊ?"

कारवी संपली आणि कातळ लागला तेव्हा तिचं बोलणं कमी झालं. दोनदा बसली. दुसऱ्यांदा बसली तेव्हा मी बॅटरी तिच्या तोंडावर मारली. कपाळावर घाम होता. एवढ्या थंडीत घाम.

"छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतंय," ती म्हणाली.

"भीतीनं होतंय ते. मला पण होतंय."

"मी कशाला भिऊ?"

"मग चढानं होतंय. परत जाऊ?"

"अर्ध्यातून?"

मी तिला परत न्यायला हवं होतं. पण तिनं गार दगडाला हात लावून माझं जामसरचं बोलणं बंद करण्याआधी, किंवा गरम दगडाला हात लावून स्वतः गप्प बसण्याआधी, मला परत यायचं नव्हतं. मला सोक्षमोक्ष पाहिजे होता. मी म्हटलं, "थोडंच राहिलंय."

खिंडीत वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे. तिथून वर देवाची जागा, चपला घालून कोणी जात नाही. आम्ही चपला दगडाशी काढल्या. तिनं पदराला बांधून आणलेले मूठभर तांदूळ ठेवले. ती हात जोडून वाकली होती आणि तेव्हाच तो आवाज आला.

खाली पाड्यात तो आवाज पायाखालून यायचा. तिथं वर तो चारी बाजूंनी आला. डोंगर आतून खाकरला. मग कातळ हलला. जोरात नाही, बैल अंगावरची माशी उडवायला कातडं हलवतो तेवढाच. माथ्यावरून दोन-चार धोंडे सुटले आणि टप्प्याटप्प्यानं खाली गेले. खाली पोचल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. मी जमिनीवर पालथा पडलो होतो. दोन्ही हातांनी गवत धरलं होतं. गवत धरून माणूस वाचत नाही हे मला ठाऊक आहे.

ती दगडाला टेकून बसली होती. तोंड पांढरं पडलं होतं. म्हणाली, "ऊठ. दिवस उगवंल." आवाज अगदी बारीक.

माथ्यावर पोचलो तेव्हा पूर्वेला नुसतं फटफटलं होतं. खाली सगळं धुक्यानं भरलेलं. दूर दूर डोंगरांचे माथे तेवढे वर निघालेले, पुतण्यानं दाखवलेल्या पिक्चरमधल्या बेटांसारखे. खाली काहीच नाही, आणि आपण दोघंच समुद्रात एका काळ्या दगडावर उभे आहोत असं वाटलं मला. घर दिसत नव्हतं, पाडा दिसत नव्हता. पाय थंडीनं बधिर झाले होते.

ती ओणवी झाली आणि दगडाला हात लावला. मग दुसरीकडं लावला. मग तिसरीकडं. गाल लावला. मग माझ्याकडं बघून हसली. फार दिवसांनी तशी हसली.

"गार," ती म्हणाली. "मढ्यासारखा गार हाये. आता बोल."

मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. हरलो म्हणून बरं वाटलं. मी म्हटलं, "बरं बाई. नाय काढणार जामसरचं नाव."

तेव्हाच मला ते दिसलं. माथ्याच्या कडेला कातळात एक फट आहे, हात-दीड हात रुंद, खोल किती ते कोणाला माहीत नाही. आम्ही लहानपणी तिच्यात खडे टाकायचो, तळाशी लागल्याचा आवाज कधी आला नाही. त्या फटीतून पांढरी वाफ येत होती. चुलीवरच्या भाताच्या झाकणाखालून येते तशी. हळू, एकसारखी.

"धुकं हाये ते," ती म्हणाली.

"धुकं खालून वर येत नाय."

मग तीच गेली. गुडघ्यावर बसली आणि कोपरापर्यंत हात फटीत घातला. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. हात काढून तिनं माझा हात धरला आणि माझ्या तळहाताच्या उलट्या बाजूला स्वतःची बोटं लावली, जिथं कातडं मऊ आहे तिथं. बोटं ओली होती आणि गरम होती.

"जामसरला जाऊ," ती म्हणाली.

मी पळालो. लपवायचं काय त्यात. तिचा हात धरून पळालो हे खरं, पण पळालो मी, आणि ती ओढली गेली. खिंडीत तिच्या चपला होत्या, माझ्याही होत्या. ती म्हणाली, "चपला." मी म्हटलं, "राहू दे." ती म्हणाली, "थांब जरा, हात दुखतोय." मला वाटलं मी धरलेला हात दुखतोय. मी दुसरा धरला. आता आठवतं, मी आधी धरला होता तो उजवा होता. दुखत होता तो डावा.

अनवाणी उतरलो तो सगळा कातळ. कारवीत ती एकदा पडली. मी उठवलं. "डोळ्यांसमोर अंधार येतोय," म्हणाली. मी म्हटलं, "खाली गेलो की बस." माझं सगळं ध्यान पाठीमागं होतं, डोंगराच्या माथ्यावर. दर दहा पावलांवर मी वळून वर बघत होतो. तिच्याकडं बघितलं नाही.

खळ्यावर आलो तेव्हा उजाडलं होतं. तिला पेंढ्यावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. दोन घोट प्यायली. म्हणाली, "तू बस जरा माझ्याजवळ." हे तिचे शब्द. मी म्हटलं, "आलोच. लोकांना सांगून येतो."

जीप पहाटेच बाजाराला गेली होती. मी पाड्यात सात घरं फिरलो. घरं लांब, बांध ओलांडून जायचं, अनवाणी पायांत काटे. प्रत्येक घरी तेच सांगितलं. हात घातला, गरम लागलं, वाफ येते. बायका रडायला लागल्या. एक म्हातारा मला म्हणाला, "तुझा हात का तिचा?" मी म्हटलं, "तिचा." तो म्हणाला, "मग खरं असंल." कोणी शेळ्या सोडायला लागलं, कोणी दाण्याच्या कणग्या उघडून पोती भरायला लागलं. मला बरं वाटत होतं. माझी भीती सात घरांत वाटून आलो होतो, माझ्या वाट्याला थोडी राहिली होती.

परत आलो तेव्हा दिवस कासराभर वर आला होता. ती कुशीवर झोपली होती, स्वेटरची बाही तोंडाशी. मी शेजारी बसलो आणि तिला सांगत राहिलो. कोण कुठं जाणार, कोणाची सून आज रडली, शेळ्या कोणाकडं ठेवायच्या. शेळ्यांचं बोललो तेव्हा ती काहीतरी म्हणेल असं वाटलं, कारण शेळ्यांचं तिच्याशिवाय कोणी ठरवलेलं तिला चालायचं नाही. काही म्हणाली नाही. तेव्हा मी तिच्या खांद्याला हात लावला.

माझ्या हाताला गरम-गार कळत नाही. पण तेव्हा कळलं.

पुढचं सगळं भराभर झालं. कोणीतरी डोंगराच्या सोंडेवर चढून, जिथं मोबाइल लागतो तिथून, फोन केले. दुपारी लेक आणि जावई आले. आशा म्हणून काम करणारी बाई शेजारच्या पाड्यातून आली. हृदयाचं असणार म्हणाली. मग तिनं मला विचारलं, "बाबा, आजी कधी छातीत दुखतं म्हणाली होती का? घाम आला होता का? सकाळी सांगितलं असतं तर गाडी बोलावली असती, म्हणून विचारते."

सगळे माझ्याकडं बघत होते. लेक बघत होती.

मी म्हटलं, "नाय. काय बोलली नाय."

हे मी लेकीलाही कधी सांगितलं नाही. ती अजून म्हणते, आई बरी गेली, तिला त्रास झाला नाही, न बोलता गेली. मी मान हलवतो. ती बोलली होती. पाटा म्हणाली, हात म्हणाली, अंधार म्हणाली, जवळ बस म्हणाली. चार वेळा बोलली.

फट गरम का होती तेही सांगतो, कारण ऐकणाऱ्याला वाटेल डोंगरात खरंच जाळ आहे. पुढच्या उन्हाळ्यात ती कॉलेजातली बाई परत आली. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, खोल फटीतली हवा बारा महिने एकसारखी असते. बाहेर कडक थंडी पडली की तीच गरम लागते आणि तिची वाफ दिसते. आता उन्हात जाऊन हात घाला, गार लागेल. इथला जाळ कधीच विझलाय. जमीन हलते ती वेगळ्या कारणानं. विहिरीचं पाणी हिवाळ्यात पहाटे कोमट लागतं की नाही? तसंच."

मी जन्मभर हिवाळ्यात पहाटे विहिरीवर आंघोळ केली आहे. पोहरा वर आला की पाण्यातून वाफ निघते. अंगावर घेतलं की बरं वाटतं. लेक लहान असताना थंडीला भ्यायची, तेव्हा मीच तिला सांगायचो, विहिरीचं पाणी पहाटे गरम असतं, ये. मला ठाऊक होतं. हिलाही ठाऊक होतं. त्या सकाळी माथ्यावर दोघांनाही आठवलं नाही. भीतीनं माणसाला नवीन काही कळत नाही आणि जुनं होतं तेही जातं.

पाड्यातले लोक महिनाभरानं परत आले. डोंगर आहे तिथंच आहे. जमीन अजूनही कधी कधी हलते.

ती गेली त्याच दिवशी संध्याकाळी तिला ओढ्याच्या काठी नेलं. आमच्याकडं माणूस गेलं की घरात दिवा ठेवतात आणि दहाव्यापर्यंत तो विझू द्यायचा नसतो. खळ्यावर ठेवून चालत नाही, वाऱ्यानं जातो, आणि तो घरातच पाहिजे. लेकीनं तो चुलीच्या बाजूला, ही निजायची त्या जागी लावला. इतक्या दिवसांत त्या आढ्याखाली आम्ही भांडं आणण्यापुरतंच जात होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. पुतण्याची माणसं बसली, पोती चढली. लेक म्हणाली, "बाबा, चल. दिवा जामसरला लावू. देव काय म्हणंल? जीव पयला." जावई म्हणाला, "मामा, ऐका तिचं." पुतण्यानं गाडी चालू ठेवली होती. मी म्हटलं, तेल घालून येतो.

आत गेलो. तेलाची बाटली हातात घेतली आणि जमीन हलली. आदल्या दिवसापेक्षा जोरात. वरून एक कौल सुटून माझ्या पुढ्यात फुटलं.

मला वाटलं होतं आता मला कशाची भीती राहिली नाही. ती गेली, आता काय व्हायचं राहिलंय, असं मी रात्रभर मनात म्हणत होतो. ते खोटं होतं. मी बाटली टाकली आणि पळालो. अंगणात सगळ्यांच्या आधी जाऊन उभा राहिलो. आणि मग मागं वळून दाराकडं बघितलं, ही बाहेर आली का म्हणून.

लेकीनं ते बघितलं. तिनं तोंडाला पदर लावला.

हलायचं थांबलं. मी पुतण्याला म्हटलं, जा तू. लेकीला म्हटलं, तू पण जा, तुझी लेकरं तिकडं एकटी आहेत, दहाव्याला ये. ती रडली, भांडली, शेवटी जावयानं तिला बसवलं. जीप वळणाआड गेली तोवर मी अंगणात उभा होतो. मग आत गेलो. दिवा विझला नव्हता. कौलाचे तुकडे बाजूला केले, सांडलेलं तेल बोटांनी गोळा करून दिव्यात घातलं, आणि दिव्याशेजारी बसलो. दाराकडं तोंड करून बसलो, म्हणजे पुन्हा हललं तर पळता येईल.